बटणावरची पेन्सिलीची रेघ

माझ्या सासऱ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं मोजायला एक बोट पुरेल, आणि ते बोट माझ्या बायकोकडे जाईल. बाकी सगळे त्याच्यापासून चार हात लांब राहायचे. तोंडावर मी त्याला बाबा म्हणतो, अहो-जाहो करतो. इथे कागदावर तो समोर नाही, म्हणून एकेरीवर येतो. तेवढं सुख मला हवं आहे.

दुकानात सगळे त्याला मीटर म्हणायचे. आमचं दुकान घरी गाणी ऐकायच्या यंत्रांचं. पुढे शोरूम, तिथे मी विक्रीला. मध्ये फळ्यांची भिंत. भिंतीमागे दुरुस्तीचं टेबल, आणि त्या टेबलाशी एकतीस वर्षं हा माणूस. गळ्यात नाडीला बांधलेला वीज मोजायचा मीटर, तो जेवतानाही काढायचा नाही. उजव्या हाताची नखं मुळापासून कापलेली, पँटीच्या डाव्या खिशावर हात पुसून पुसून काळा झालेला पट्टा. चहा समोर ठेवला की तो गार होऊन साय धरेपर्यंत बघायचाही नाही, मग एका घोटात संपवायचा आणि चहा वाईट होता म्हणायचा.

त्याची एक सवय होती. दुरुस्तीला आलेलं कोणतंही यंत्र उघडलं की झाकण बंद करण्याआधी आतल्या बाजूला तो एक चिठ्ठी चिकटवायचा. खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने तारीख आणि तीन ओळी. दोष. कारण. उपाय. गिऱ्हाइकाला ती कधीच दिसायची नाही. मी एकदा विचारलं, बाबा, ही कोणासाठी? तो म्हणाला, "पुढे जो उघडेल त्याच्यासाठी. तुमच्यासाठी नाही, तुम्ही काही उघडत नाही. तुम्ही फक्त तोंड उघडता."

हा त्याचा माझ्याशी बोलायचा सूर. पहिल्या दिवसापासूनचा.

पहिला दिवस म्हणजे मी लग्नाचं विचारायला गेलो तो. त्याची मुलगी अधूनमधून त्याचा विसरलेला चष्मा द्यायला दुकानात यायची. चष्मा तो इतक्या वेळा विसरला की आमचं जमलं. घरी गेलो तर सासूबाई नव्हत्याच, त्या आधीच गेलेल्या. त्याने पाणीसुद्धा न विचारता माझ्यापुढे वायरीचे दोन तुकडे ठेवले. एक बारीक, काळा. दुसरा बोटाएवढा जाड, वर चमकदार वीण. म्हणाला, यातली चांगली कोणती? मी अर्थातच जाड वायरीवर बोट ठेवलं. त्याने दोन्ही सोलून दाखवल्या. आतली तार सारखीच होती. मग माझ्याकडे न बघता तो मुलीला म्हणाला, "हा माणूस काहीही विकेल. बघ बाई तुझं तू."

तिने बघितलं आणि माझ्याशी लग्न केलं. तो मला तेव्हापासून पाण्यात पाहत आला, आणि मीही त्याला काही फुलं वाहिली नाहीत.

आता भांडण कशावरून पेटलं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी थोडी वायरींची गोष्ट. प्लेअरमधून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाज न्यायचा तर दोन तऱ्हा. साधी वायर, म्हणजे अनबॅलन्स्ड, तिच्यात एका तारेतून आवाज जातो आणि भोवतीची जाळी परतीचं काम करते. वाटेत पंख्याचा, फ्रिजचा, विजेच्या वायरीचा कचरा तिला चिकटला तर तो आवाजाबरोबर आत शिरतो आणि स्पीकर घूंऽऽ करत बसतो. दुसरी बॅलन्स्ड, तीन पिनांची. पहिली पिन जाळीची, बाकी दोन आवाजाच्या. तिच्यात तोच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सरळ, दुसरीवर उलटा. कचरा मात्र दोन्हींना सारखाच चिकटतो. पलीकडच्या टोकाला एकीतून दुसरी वजा केली की कचरा जातो आणि आवाज राहतो.

ऐकायला किती छान. मी हे रोज दहादा सांगायचो, आणि सांगताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून सोडवून दाखवायचो. गिऱ्हाईक हरखायचं. आमच्या मालकाने त्या वर्षी बॅलन्स्ड जोडणीचे अ‍ॅम्प्लिफायर भरून ठेवले होते आणि बरोबरीला त्या वायरी, साप पाळावा तशा काचेच्या कपाटात. ते सगळं खपवायचं काम माझं.

आणि फळीमागून हा माणूस बाहेर यायचा. "वायर किती लांब लागणार?" गिऱ्हाईक म्हणायचं, हीच, हातभर, प्लेअर वर आणि अ‍ॅम्प्लिफायर खाली. "मग साधी घ्या. हातभर वायरीला कसला कचरा चिकटतोय? वीस मीटर नेणार असाल तर या." एवढं बोलून तो परत आत. माझं तासाभराचं बोलणं मातीत.

खोटं तो बोलत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर जास्त राग यायचा. नाच शिकवणाऱ्या एका बाईंच्या हॉलमध्ये विजेच्या पाइपाला लागून लांबलचक वायर न्यायची होती, तिथे तो स्वतः हटून बसला होता की तीन पिनाच पाहिजेत, साधी लावली तर मी हात लावणार नाही. त्याचं वैर वायरीशी नव्हतं. माझ्याशी होतं.

कळस झाला तो दातांच्या डॉक्टरांच्या वेळी. त्यांना मी सगळा संच विकला होता. महिन्याने ते तो घेऊन परत आले, म्हणाले काही फरक वाटत नाही. मी म्हणालो, कान तयार व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात मीटरने त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर ओढून घेतला, चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि डॉक्टरांना आत बोट दाखवलं.

"ही बाहेर तीन पिनांची खाच दिसते ना? आत बघा. तिसऱ्या पिनेला तारच नाही. कंपनीने नुसतं भोक पाडून दिलंय. ही पिन इथे फुकट बसून आहे, आमच्या या जावईबापूंसारखी."

शोरूममध्ये तेव्हा चार गिऱ्हाइकं होती. कॅशियर बाई तोंडाला पदर लावून हसली. माझ्या कानशिलात आग लागली. डॉक्टरांनी सगळा माल परत केला, वायरींसकट. मी त्या दिवशी ठरवलं की हा माणूस या दुकानातून गेला पाहिजे. माझा सासरा असला तरी. सासरा होता म्हणूनच.

मालकाने दोघांना बोलावलं. मालक वाईट नव्हता, फक्त त्याला त्याच्या मालावर कोणी थुंकलेलं चालत नव्हतं. तो म्हणाला, "मास्तर, मला स्वतःला फरक ऐकू येतो. तीन पिनांचा आवाज भरदार लागतो."

"लागणारच," मीटर म्हणाला. "तिकडून आवाजच जवळजवळ दुप्पट येतो. मोठा आवाज कोणालाही चांगला वाटतो. दोन्ही मोजून सारखे करा आणि मग ओळखा."

"आणि ओळखलं तर?"

"तर उद्यापासून मी येत नाही."

एकतीस वर्षं तो एका वाक्यात पैजेवर लावून मोकळा झाला. इतका त्याला गळ्यातल्या मीटरवर भरवसा. मालक म्हणाला, ठीक, आणि तुमचं खरं ठरलं तर मी त्या वायरी कपाटातून काढीन. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण कोणी लबाडी केली, तर तो त्याच पावली घरी. मग तो कोणाचा कोण आहे ते मी बघणार नाही."

परीक्षेला आतून तिन्ही पिना जोडलेला दुसरा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि मीटरने एक पेटी बनवली. जेवणाच्या डब्याएवढी, पुढे एक फिरवायचं बटण. तीन पिनांच्या वाटेत ती लावायची आणि बटणाने तिकडचा आवाज कमी करून साध्या वायरीच्या बरोबरीला आणायचा. दोन तास तो मीटर लावून बसला. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तेव्हा त्याने पेन्सिल घेतली आणि बटणावरून पेटीवर उतरणारी एक बारीक, सरळ, सलग रेघ ओढली. बटण केसभर जरी हललं तरी रेघ तुटलेली दिसणार. मग म्हणाला, "वायर बदलायचा स्विच जावईबापूंनी दाबावा. मी हात लावला तर उद्या म्हणाल, म्हाताऱ्याने काहीतरी केलं." आणि तो मालकाशेजारच्या खुर्चीत आमच्याकडे पाठ करून बसला.

माझ्यावर विश्वास म्हणून नव्हे. माझ्यात तेवढी अक्कल नाही, असं त्याला वाटत होतं.

बारा वेळा ऐकवायचं ठरलं होतं. कॅशियर बाई नाणं उडवून मला खूण करायची आणि वहीत लिहायची. पहिल्या फेरीआधी ती नाणं शोधायला पर्समध्ये वाकली आणि मी बटण फिरवलं. जरासंच. नखाच्या जाडीएवढं. मला माहीत होतं की एवढ्याने आवाज मोठा झालाय असं कोणाला कळत नाही, नुसता बरा वाटतो. आणखी एक गोष्ट मला माहीत होती. बायकोने मला विश्वासाने सांगितली होती की बाबांना आता कुकरच्या शिट्टीसारखे बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कोणाला सांगू नका. हे गुपित मी त्या दिवशी वापरलं. शेजारी बसून त्याच्या कानाला काहीही कळणार नव्हतं.

मालकाने बारापैकी अकरा वेळा तीन पिना ओळखल्या.

तो उठून टाळ्या पिटत आला आणि माझा हात धरून हलवायला लागला. तो हात सोडेना आणि मला बटण मागे न्यायला मिळेना. तेवढ्यात मीटर खुर्चीतून उठला, खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पेटीसमोर वाकला. मी तीन हात अंतरावर उभा होतो. तिथूनसुद्धा मला रेघ दिसत होती, दोन तुकड्यांत. नोकरी गेली, असं मी मनात म्हणालो, आणि लगेच पुढचा विचार आला तो बायकोचा. ही गोष्ट घरी कळली तर ती माझं तोंड बघणार नाही.

तो बराच वेळ वाकलेला होता. मग सरळ झाला, मीटरच्या वायरी हळूहळू बोटांभोवती गुंडाळल्या आणि म्हणाला, "ठीक आहे, मालक. तुम्ही जिंकलात." पेटी काखेत मारली आणि फळीमागे गेला. अर्ध्या तासाने हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर आला तो कोणाशी न बोलता पायऱ्या उतरून गेला. मी मागे जाऊन पाहिलं. पेटी फळीवर होती. बटण जागेवर, रेघ सलग.

म्हातारा आंधळाही झाला, असं मी म्हणालो. कान गेले होते, आता डोळेही गेले. पिशवीत काही कोंबताना धक्का लागून बटण परत आलं असेल. मी हसलो, अगदी मोठ्याने हसलो, कारण फळीमागे आता ऐकणारं कोणी नव्हतं.

मग काय झालं? बायको त्याला आमच्या घरी घेऊन आली. एकटा राहून काय करणार, म्हणे. जो माणूस दुकानातून घालवला, तो माझ्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसला. चार वर्षं. खिडकीतल्या खुर्चीत तो दिवसभर बसतो, गळ्यात अजून मीटर, आणि मोजायला काही नाही. घरातले सगळे प्लग मोजून झाले, इस्त्री मोजून झाली, शेजाऱ्यांची घंटा मोजून झाली. मी बाहेरून आलो की माझ्या बुटांकडे बघतो. मी काही बोललो की म्हणतो, "विकताय का?"

बायको त्या मालकाचं नाव घेतलं तरी पेटते. माझ्या बाबांना हाकललं त्याने. रस्त्यात दिसला तर ती पलीकडच्या फुटपाथवर जाते. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की यांनी मात्र बाबांसाठी मालकाशी खूप भांडण केलं. मी तेवढंच तिला सांगितलं होतं. ती त्यावर चार वर्षं जगत होती, आणि सांगायला हरकत नाही, मीही.

गेल्या आठवड्यात एक चोखंदळ गिऱ्हाईक आलं. म्हणालं, दोन्ही जोडण्या एकामागून एक ऐकवा, मगच घेईन. मी ती पेटी फळीवरून काढली, धूळ झटकली, लावली. बटण फिरवलं की खरखर. आमच्याकडे आता दुरुस्तीला कोणी नाही, सगळं कंपनीकडे पाठवतात. गिऱ्हाईक चहा पीत होतं. मी नाइलाजाने घरी फोन केला.

"बाबा, त्या पेटीचं बटण खरखरतंय. काय करू?"

तो म्हणाला, "घरी आणा. मी साफ करीन."

"गिऱ्हाईक बसलंय इथे. मागे चार स्क्रू तर आहेत, मी करतो."

"तुम्ही उघडू नका."

"अहो, चार स्क्रू..."

"सांगतोय ना? उघडू नका!" आणि फोन ठेवला.

चार स्क्रू उघडायचीसुद्धा माझी लायकी नाही! मी त्याच तिरीमिरीत स्क्रूड्रायव्हर घेतला. झाकण निघालं. आतल्या बाजूला पुठ्ठ्याचा तुकडा होता. परीक्षेच्या दिवसाची तारीख. खाली त्याचं ते मुंगीएवढं अक्षर.

दोष: बटण रेघेवरून सरकलेलं. परीक्षा चालू असताना.

कारण: माहीत आहे.

उपाय: करायचा नाही.

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. गिऱ्हाईक उठून गेलं, ते मला कळलं नाही. चिठ्ठी मी खरवडून काढली आणि शर्टाच्या खिशात घातली.

तुम्हाला वाटेल की मला गहिवरून आलं असेल. मुळीच नाही. मला संताप आला. त्याने मला त्याच क्षणी पकडलं होतं. एक शब्द बोलला असता तर टेबल त्याचं राहिलं असतं आणि मी रस्त्यावर. तो बोलला नाही. आणि मग चार वर्षं माझ्यासमोर बसून, माझ्या घरात, माझ्या बायकोच्या हातचं जेवत, रोज मला बघत राहिला. मी त्याला आंधळा समजत होतो तेव्हा तो मला आरपार बघत होता. असा उपकार कोणी मागितला होता त्याच्याकडे?

आमच्याकडे दिवेलागणीलाच जेवतात, त्याला उशिरा पचत नाही. त्या संध्याकाळी मी हात धुऊन बसलो. त्याने ताटातून मान वर केली नाही.

"उघडलीत ना?"

"हो."

"चिठ्ठी होती तिथे परत लावलीत?"

"हो," मी म्हणालो. ती माझ्या खिशात होती.

बायको वाढत होती. "कसली चिठ्ठी?"

"दोषाची," तो म्हणाला. "जुनी आहे. एकदा एक बटण सरकलं होतं."

ती त्याचीच मुलगी. तिचा हात तिथेच थांबला. "कुठलं बटण? बाबा, त्या परीक्षेच्या पेटीचं?"

"भाजी वाढ."

"कोणी सरकवलं?"

"त्याची नोंद नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता घास घेतला.

पुन्हा तेच. पुन्हा त्याने मला सोडवलं, किती सहज, अंगावरची माशी उडवावी तसं. म्हणजे मी उरलेला जन्म याच्या सोडवण्याखाली काढायचा, आणि हा मेला तरी त्याच्या फोटोखाली काढायचा. मला ते सहन झालं नाही. मी खरेपणाने बोललो असं कोणी म्हणू नका. मला फक्त त्याचं ओझं अंगावर नको होतं.

"मी सरकवलं," मी म्हणालो आणि चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

बायकोने ती उचलली. वाचली. म्हाताऱ्याने ताटावर मूठ आपटली, आणि एवढ्या वर्षांत मी त्याचा आवाज प्रथमच फाटलेला ऐकला.

"गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला? हिचं घर मोडू नये म्हणून मी टेबल सोडलं. चार वर्षं या खिडकीत सडतोय मी, हिच्यासाठी! आणि तुम्हाला एक शब्द गिळता आला नाही?"

त्याचे डोळे भरून आले होते आणि त्या डोळ्यांतही माझ्याबद्दल तिरस्कारच होता. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने चिठ्ठी वडिलांच्या ताटाजवळ ठेवली, वळली, आणि माझ्यापुढचं ताट उचलून आत घेऊन गेली. माझं जेवण अजून अर्धं व्हायचं होतं.